मास्तरांनी बदललेलं कलम

आमच्या शिक्षक संघटनेचं जिल्हा कार्यालय अमरावतीला राजापेठेत, एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर. खाली ट्यूशन क्लासच्या गाड्या अशा लागलेल्या असतात, की जिना गाठायचा तर आधी दोन स्कूट्या सरकवाव्या लागतात. मी अकरा वर्षं इथला सचिव. सभेचं इतिवृत्त माझ्याच हातचं. प्रत्येक सभेखाली तेच वाक्य: 'सर्वंकष चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर.' ते एकमत कसं झालं, कोण कोणाला काय म्हणालं, हे काही तिथं लिहिता येत नाही. मग ते आमच्यापाशीच साठत जातं. चार मास्तर चहाला बसले की कोणीतरी म्हणतंच, "सर, ते मंत्रालयातलं सांगा ना!"

तर ऐका. आधी माणसं सांगतो. गावंडे सर आमचे अध्यक्ष, गणित शिकवतात. माइक बिघडला तरी त्यांची सभा थांबत नाही, असा आवाज. आणि तायडे मॅडम, अकोल्याच्या, मराठी शिकवतात. त्या आवाज चढवत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही.

आणि प्रकरण असं, की सरकारनं एका कायद्याचा मसुदा काढला होता. कमी मुलांच्या शाळा बंद करायच्या आणि ती मुलं 'जवळच्या' मोठ्या शाळेत पाठवायची. हरकती पाठवायला मुदत थोडी. अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांतल्या वस्त्यावस्त्यांवरच्या शाळा त्यात जाणार होत्या. सगळे किस्से त्याच दिवसांतले.

*

पहिलं निवेदन घेऊन आम्ही मुंबईला मंत्रालयात गेलो. शिक्षण खात्याचे साहेब चांगले होते. निवेदन हातात घेतलं, चाळलं आणि म्हणाले, "ठीक आहे, मी लक्षात ठेवतो."

आम्ही उठलो. गावंडे सर उठेनात.

"साहेब, पोच पाहिजे. सही-शिक्का."

"अहो, लक्षात ठेवतो म्हटलं ना!"

"साहेब, तीस वर्षं झाली पोट्टे शिकवून राहिलो. जो 'लक्षात ठेवतो' म्हणते ना, त्याले आमी दहा वेळा लिहून आणायले लावतो!"

साहेबांनी बेल वाजवून शिक्का मागवला.

*

मसुद्यावर हरकती लिहायचं काम तायडे मॅडमकडे होतं. त्यांनी हरकती वेगळ्या लिहिल्याच नाहीत. मसुद्याची छापील प्रत घेतली आणि वही तपासावी तशी लाल पेनानं तपासली. 'जवळची' या शब्दाला गोल. समासात प्रश्न: 'कोणापासून जवळची? कशी मोजली?' एका कलमात वाक्य इतकं लांबलेलं, की कर्ता पहिल्या पानावर आणि क्रियापद दुसऱ्या. तिथं लिहिलं, 'वाक्य तोडा.' शेवटच्या पानावर शेरा: 'हेतू अस्पष्ट. पुन्हा लिहा.' खाली सही.

मी घाबरलो. म्हटलं, "मॅडम, हे असंच पाठवायचं?"

"मग काय सोनेरी पेनानं पाठवू?"

पाठवलं. आठ दिवसांनी मंत्रालयातून कक्ष अधिकाऱ्यांचा फोन. मी स्पीकर लावला. ते म्हणाले, "मॅडम, सगळं वाचलं. फक्त मार्क किती ते लिहिलं नाही तुम्ही."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आधी सुधारून आणा. मग सांगते!"

*

आमचे एक आमदार होते, सत्ताधारी बाजूचे. भेटायला गेलं की म्हणायचे, "सर, मी तुमच्यासोबतच आहे." एका सकाळी त्यांच्या ओसरीवर पंधरा-वीस लोक कामं घेऊन बसलेले. गावंडे सरांनी विचारलं, "भाऊ, मसुदा वाचला का?"

"सर, टाइम कुठे भेटते?"

सरांनी मसुदा त्यांच्या हातात दिला. "मंग आता वाचा. मोठ्यानं. या लोकायलेही ऐकू द्या."

आमदारसाहेब आधी हसले. मग सरांचा चेहरा पाहून वाचायला लागले. कलम एक, कलम दोन. अडखळले की सर पुढचा शब्द सांगायचे. चौथ्या कलमाला आमदार एकदम थांबले.

"सर... याच्यात तं माया गावची शाळा बंद होते!"

"शाब्बास!" सर म्हणाले. "उदाहरण समजलं. आता उत्तर काढा."

पुढे नागपूरच्या अधिवेशनात त्या कलमाला दुरुस्ती सुचवली, ती याच आमदारांनी. पक्षातल्या लोकांचं ऐकून घेतलं, पण हटले नाहीत. माणसाला मान द्यावा लागतो तिथं दिला पाहिजे.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण सोडून चालणार नाही.

शेंदूरजनाघाटकडच्या एक बाई कार्यालयात आल्या. संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या. त्यांच्या वस्तीवरची शाळा बंद होणाऱ्या शाळांच्या यादीत होती. आम्ही उत्साहानं त्यांना आमचं पत्रक दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं वाचलं. मग विचारलं,

"सर, याच्यात पयल्या पानावर तुमच्या बदल्या हायेत, तुमची सेवाज्येष्ठता हाय. मायी पोरगी तिसऱ्या पानावर काहून हाय?"

गावंडे सरांनी पत्रक हातात घेऊन पहिल्या पानापासून पुन्हा चाळलं.

सर उठले, बाईंना स्वतःची खुर्ची दिली. मला म्हणाले, "सचिव, पत्रक रद्द. नवीन लिहा. पयल्या पानावर लेकरं. आपलं काय असंल ते शेवटी, अन् जागा उरली तं!"

जागा उरली नाही. काही सभासद चिडले, दोघांनी राजीनामे दिले. पण त्या दिवसापासून गावोगावचे पालक आमच्याबरोबर यायला लागले. आणि खरं सांगतो, आमचं वजन तेव्हापासून वाढलं.

*

नागपूरला हिवाळी अधिवेशनावर मोर्चा. पोलिसांनी बॅरिकेडपाशी अडवलं. बसा इथंच. आमचे लोक रस्त्यावर बसले, आणि काय करावं? पिशव्यांतून घटक चाचणीचे गठ्ठे काढले आणि पेपर तपासायला लागले! शाळा बुडवून आलो असं कोणी म्हणायला नको, म्हणून मॅडमनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बंदोबस्ताचे इन्स्पेक्टर बुचकळ्यात पडले. मोर्चा म्हणजे घोषणा हव्यात. ते जवळ आले. "मॅडम, घोषणा नाही देत तुम्ही?"

"देतो ना," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "सातवी 'ब' संपू द्या!"

तिथंच मुंबईच्या एका चॅनेलचा पत्रकार गावंडे सरांना गाठून म्हणाला, "सर, आरोप असा आहे, की तुम्ही शिक्षक लोक कायद्यासाठी लॉबिंग करता."

सर म्हणाले, "लॉबीत आमाले कोन येऊ देते बाप्पा? आमी तं रस्त्यावर बसलो!"

*

आता शेवटचं. आमच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या असं नाही. बऱ्याच गेल्या. पण आज तो कायदा उघडून पाहा. 'जवळची शाळा' या शब्दांपुढे व्याख्या आहे: 'विद्यार्थ्याला पावसाळ्यात पायी चालावे लागणाऱ्या वाटेने मोजलेले अंतर.' राज्यातल्या प्रत्येक वस्तीला लागू. हे शब्द आमच्या वऱ्हाडातून गेले. मुंबईच्या कोणत्याही वकिलाला सुचले नव्हते. ते कसे गेले, ते सांगतो.

मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एक मोठे अधिकारी पाहणीसाठी आले. वरुड तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक वस्ती, तिथं एकशिक्षकी शाळा. तिथले खंडारे सर म्हणजे सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. हजेरीपटावर सही करायची आणि मागच्या रांगेत बसायचं.

अधिकाऱ्यांनी टॅबवर नकाशा उघडला. वस्तीवर एक ठिपका, मोठ्या शाळेवर एक ठिपका, मध्ये सरळ रेघ. "हे बघा. एक किलोमीटरसुद्धा नाही. यात मुलांना त्रास काय?"

गावंडे सर तोंड उघडणार, तेवढ्यात खंडारे सर हळूच म्हणाले, "चाला ना साहेब. पाहून येऊ."

निघालो. दिवस श्रावणाचे. वस्ती संपली आणि नाला लागला, भरून वाहणारा. उतार शोधत काठाकाठानं वर गेलो. नाला ओलांडला तर पुढे संत्र्याच्या बागा, सगळ्यांना तारेचं कुंपण. बागांना वळसा. वळसा संपला तर तोच नाला वळून पुन्हा समोर! पुन्हा वर. काळी माती बुटाला अशी धरली, की साहेबांचा एकेक पाय दोन-दोन किलोचा. एकदा बूट मातीतच राहिला, पाय तेवढा पुढे आला. खंडारे सरांनी बूट उपसून दिला.

तास उलटून गेला. साहेब एका दगडावर टेकले. घाम पुसला, टॅब पिशवीत टाकला आणि विचारलं, "अहो, अजून किती आहे?"

खंडारे सर खाली मान घालून म्हणाले,

"साहेब, नकाशात तं आपण कवाचेच पोचलो!"