अकरा वर्षांत चार गोल

चेंडू गोलात गेल्यावर तो तिथवर कुणी पोचवला, हे तुम्ही कधी विचारता का?

माझा थोरला भाऊ अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळतोय, मधल्या फळीत. समोरच्याचा चेंडू काढायचा, आपल्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा पळायचं, हे त्याचं काम. गेल्या महिन्यात आमच्या गावी, वडूजला, त्याचा सत्कार ठरला. वडील चळवळीत होते, त्यांची पत्रकं वाचतच मी लिहायला शिकलो, म्हणून सत्काराचं पत्रक माझ्याकडे आलं.

सत्कार समितीचे अध्यक्ष जुने पैलवान. त्यांनी विचारलं, "गोल किती मारलं रं त्यानं?"

"चार."

"अकरा वर्सांत चार? आमी एका जत्रंत चार कुस्त्या मारायचो. चाळीस लिही गड्या, कोण मोजतंय?"

"आवं तात्या, मी खोटं लिहिणार न्हाई."

शेजारी गुडघ्याला पट्टी बांधत बसलेला भाऊ हसला. "चारच लिही. त्यातला एक चुकून गेलाय."

मी चारच लिहिले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अकरा हंगामांत हा माणूस एकदाही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला नाही.' चार गोलांवर सत्कार, हे तात्यांना अजून पटलेलं नाही.

रविवारी साताऱ्यात भावाचा सामना आहे. या. पहिली दहा मिनिटं चेंडू सोडा आणि फक्त त्याच्याकडे बघा. मग काय दिसलं ते तात्यांना सांगा.