सात नंबरच्या मागावरचा हार

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — तेवढंच कारण असेल.

ऑनलाइन नेमबाजीचा एक गेम आहे. दहाबारा जण दोन गट करून एकमेकांवर गोळ्या झाडतात. हे ज्या जागेत चालतं तिला मॅप म्हणतात. आमचा मॅप म्हणजे सोलापुरातला टॉवेलचा कारखाना. आमचा — बघा, आत्ता निघालं तोंडून. इतकी वर्षं मी ‘माझा’ म्हणत आले.

श्रीनू कॉलेजात माझ्या वर्गात होता. त्याचे वडील मागावर कामाला. कॉम्प्युटरवर मॅपच्या भिंती, जिने, लपायचे कोपरे मी उभे केले, पण खेळात काही जीव येईना. तेव्हा तो मला वडलांच्या कारखान्यात घेऊन गेला. आत नुसता खडखडाट. वडील पाठमोरे उभे होते, तरी मागचा एक माग थांबताच ते बरोबर त्याच्याकडेच वळले. श्रीनू माझ्या कानाशी ओरडला, “सूत तुटलं की माग बंद पडतोय. न बघताच कळतंय त्यांना.”

तिथून पुढचं डोकं सगळं त्याचं. आमच्या मॅपमध्ये मागांच्या आवाजात पावलं बुडून जातात. गोळीनं सूत तुटलं की तेवढा कोपरा गप्प होतो, आणि लपलेला माणूस पावलांवरून सापडतो. एकेका मागाचा आवाज त्यानं वेगळा टिपून आणला. सात नंबर वडलांचा. खंडेनवमीला मागाची पूजा होते ना, तेव्हाचा सुकलेला झेंडूचा हार त्यानं मॅपमधल्या सात नंबरवर अडकवला.

मॅप मी नोकरीसाठी पुण्याच्या एका गेम कंपनीला पाठवला. त्यांचा फोन आला — हे सूत तुटायचं कुणाला सुचलं? मी म्हटलं, मला. सोबत कुणी होतं? नाही, मी एकटीच. जागा एकच आहे, असं ते म्हणालेही नव्हते. त्याचं नाव घेतलं असतं तर माझं काय जाणार होतं? काहीच नाही. मला एकटीला हुशार ठरायचं होतं.

श्रीनूला सांगितलं, मॅप नापास झाला, मला दुसऱ्या कामाला घेतलंय. तो पेढे घेऊन घरी आला. पुढं मॅप खेळात यायच्या आधी मी तो हार काढून टाकला. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो आता चिंचोळीला एमआयडीसीत पाळीवर जातो. परवा सोलापुरात चहाच्या टपरीवर भेटला. “तुमच्या कंपनीचा कारखाना खेळलो,” म्हणाला. “सात नंबर आमच्या बाबांचाच वाजतोय की.”

मी हसले. म्हटलं, अरे, सगळे माग सारखेच वाजतात.

विणकराच्या पोराला मी हे सांगितलं. तो ‘व्हय’ म्हणाला आणि चहा संपवून कामावर गेला.

त्याचे वडील केव्हाच वारलेत. तो माग भंगारात गेला. आता सात नंबर फक्त त्या मॅपमध्ये वाजतो, आणि त्याखाली नाव माझं एकटीचं आहे.