मार्था आणि सोमवारची फूटपट्टी

मार्था गेल्याची बातमी मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कळली. सकाळी चहा गाळत होते, फोन वाजला. मेणबत्तीच्या चित्राखाली मजकूर होता : शिवणशिक्षिका मार्थाबाई प्रभूच्या घरी गेल्या, त्या अत्यंत शालीन होत्या, आपल्या मुलींपुढे त्यांनी शालीनतेचा आदर्श ठेवला. खाली आमच्या शाळेच्या सेक्रेटरीसाहेबांचं नाव. रडू यायला हवं होतं, पण आधी शिसारी आली. ज्या शब्दाने या माणसाने तिला नोकरीत छळलं, तोच शब्द त्याने ती गेल्यावर तिच्या गळ्यात घातला, आणि खाली लोक आमेन, आमेन लिहीत सुटले. मी चहा मोरीत ओतून दिला. आता दीड महिना झाला. तो मजकूर आठवला की अजून तोंड कडू होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती शाळेत आम्ही दोघी वीसेक वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायची, ती शिवण. मी नंदुरबारच्या पाळकाची मुलगी, तोलूनमापून बोलणारी. ती सारंगखेड्याकडची, तापीकाठच्या शेतमजुराच्या घरची. वर्गात नीट पुस्तकी बोलायची, पण चिडली की थेट अहिराणीवर यायची. आमच्या बहुतेक मुली डोंगराकडच्या पाड्यांवरच्या, शाळेच्याच वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांचे गणवेश मार्था शिवायची, आणि तिची माप घ्यायची रीत जगावेगळी होती. ती मुलीला उभी करायचीच नाही, आधी उकिडवी बसायला लावायची. पोरगी भांडी घासणार, जीपमध्ये मागून चढणार, रोपं लावणार, तेव्हा कपडा पुरला पाहिजे, उभी तर ती प्रार्थनेपुरतीच असते, असं तिचं म्हणणं. स्कर्टच्या कडेला चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची आणि दर जूनमध्ये थोडं थोडं उसवून द्यायची. उसवलेल्या जागी न विटलेल्या निळ्या रंगाची पट्टी दिसायची. कुठल्या मुलीच्या स्कर्टला किती पट्ट्या आहेत, यावरून ती कितवीत आहे ते मला लांबून कळायचं.

कपड्यांबद्दल मीसुद्धा कडक होते, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या आजीने चांगला कपडा घातला म्हणून गावात टोमणे ऐकले होते. आमच्या घरात धुतलेला, इस्त्रीचा कपडा म्हणजे इज्जत होती, जवळजवळ प्रार्थनाच. म्हणून शाळेच्या नव्या कमिटीने शालीनतेचा नियम आणला तेव्हा मी मान डोलावली. नियम असा की दर सोमवारी उपासनेआधी आठवी ते दहावीच्या मुलींनी प्रार्थनागृहात रांगेने गुडघे टेकायचे आणि स्कर्टची कड फरशीला लागली पाहिजे. जिची लागणार नाही, तिचं अंतर फूटपट्टीने मोजायचं आणि नाव लिहून घ्यायचं. मुलगे बाकांवर बसून बघायचे, त्यांना कुणी मान वळवा म्हटलं नाही. फूटपट्टी माझ्या हातात आली, कारण मी पाळकाची मुलगी. देवापुढे टेकायचे गुडघे आम्ही मापासाठी टेकायला लावले... आणि तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नाही. आज ते आठवलं की स्वतःच्याच हाताची किळस येते.

मार्थाने सभेत विरोध केला. सेक्रेटरीसाहेब पवित्र शास्त्रातलं, बायबलमधलं, बायकांच्या वेषाबद्दलचं वचन वाचत होते. तिने ते पुढे वाचायला सांगितलं. त्यात सोनं आहे, मोती आहेत, भारी वस्त्रं आहेत, असं ती म्हणाली. म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांनी उपासनेत मिरवू नये, गरिबाची मान खाली जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. स्कर्टच्या लांबीचं तिथे काही नाही. आणि ज्याची नजर वळते त्याने आपली नजर सांभाळावी, असं प्रभूने पुरुषांना सांगितलं होतं, मुलींची कड मोजा असं नाही. सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गळ्यात दोन पदरी चेन, हातात पाटल्या. त्यांनी पदर सारखा केला. साहेब म्हणाले की शिवणबाईंनी शिवण बघावं, वचनाचा अर्थ सांगायला पाळक आहेत. सगळे हसले, मीही हसले.

मग सेवंतीचा सोमवार आला. सेवंती दहावीत होती, हुशार, मिशन दवाखान्यात नर्स व्हायचं म्हणायची. त्या वर्षी ती भराभर वाढली. तिच्या स्कर्टची चारही बोटं उसवून झाली होती, आत कापडच उरलं नव्हतं. आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, म्हणजे नवा स्कर्ट आणायला घरी कुणी नाही. तिची कड फरशीपासून दोन बोटं वर राहिली. मी मोजलं, नाव लिहिलं. सेक्रेटरीसाहेब त्या दिवशी हजर होते. नीट गणवेश येईपर्यंत हिने वर्गात बसायचं नाही, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. मार्थाने चार दिवसांची मुदत मागितली, मी शिवून देते म्हणाली. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा मार्था पुढे आली, साडीचा काठ उचलून खोचला, तिची आई शेतात खोचायची तसा, पोटऱ्या उघड्या, आणि मुलींच्या रांगेत सेवंतीच्या शेजारी तिने गुडघे टेकले.

"तुन्हा हातमा पट्टी शे ना, ते मन्हं बी मोज," ती मला म्हणाली. "पोर वाढी ऱ्हायनी, हाऊ काय तिना गुन्हा शे?"

मुलींच्या माना खाली. मी पट्टी टाकून दिली असती तर... पण मी तसं केलं नाही. मी हळू आवाजात तिला म्हणाले, "ऊठ मार्था, तमाशा करू नको." तमाशा. वीस मुलींना गुडघ्यांवर ठेवून मी मोजत होते, आणि तमाशा ती करत होती. ती उठली, साडी सोडली आणि सेवंतीचा हात धरून बाहेर गेली. पेटी वाजली, आम्ही स्तोत्र गायलो. मी मोठ्याने गायले, हेही मला आठवतं.

मार्थाने दोन दिवसांत स्कर्ट शिवला, पण तोवर सेवंती वसतिगृहातून निघून गेली होती. गावचं घर बंद होतं, म्हणून ती थेट आईवडिलांकडे उसाच्या फडात पोचली. शाळेत लगेच कुजबूज सुरू झाली की पोरगी कुणाचा तरी हात धरून पळाली, बघा, कमिटीचंच बरोबर होतं. मार्था सुट्टी टाकून, एसटी आणि जीप बदलत तिला शोधत गेली. सेवंती बापाचा शर्ट घालून, परकर गुडघ्यावर खोचून ऊस तोडत होती. तिने स्कर्ट हातात घेतला, कंबरेला लावून बघितला आणि परत दिला. "नको बाई. सगळे बघतील," एवढंच म्हणाली. मार्चमध्ये तिच्या बाकावर परीक्षा क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि बाक रिकामा होता. परत आल्यावर मार्था माझ्याशी फारसं बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तठे तिले कोनी मोजस नई." पुढे आम्ही दोघी निवृत्त झालो. नाताळला एकमेकींना करंज्या पाठवायचो, त्या सोमवारचा विषय मात्र मी कधी काढला नाही. माफी मागायची राहून गेली.

स्मरणसभेत सेक्रेटरीसाहेब पाऊण तास बोलले. शालीन हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की मी उठून बाहेर आले आणि तिच्या घराकडे चालू लागले. मागच्या अंगाला तिची शिवणाची खोली आहे. तिथे खुर्ची नाही, जमिनीवर एक मोठी चटई. येणाऱ्या प्रत्येक बाईने त्या चटईवर पाय लांब सोडून बसायचं, हवं तसं, हीच त्या खोलीची पद्धत. सभेला न गेलेल्या तीनचार बाया तशाच बसल्या होत्या, साड्या पोटरीपर्यंत वर, मार्थाच्या आठवणी काढून मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत. मशीनला टेकून सेवंती बसली होती. दहाबारा वर्षांनी पाहत होते, तरी लगेच ओळखलं. तीही पाय पसरून निवांत होती. मी दारात उभी राहिले आणि तिची नजर माझ्यावर गेली. तिचं हसू थांबलं. तिने दोन्ही पाय झटकन आत घेतले, साडी ओढून पावलांवर नेली आणि कड मुठीत दाबून धरली.

"सलाम बाई," ती म्हणाली.

बाकीच्याही सावरून बसल्या. मी चपला न काढताच मागे फिरले. बरंच पुढे गेल्यावर त्या खोलीतलं हसणं पुन्हा ऐकू आलं.