तोंडी उत्तर

माझी वहिनी उच्च दाबाच्या विजेची मोजमापाची यंत्रं तपासते. यंत्र खरं बोलतं की थापा मारतं, ते वीज चढवून पाहायचं, हे तिचं काम. त्याच प्रयोगशाळेत खालच्या मजल्यावर यंत्रांची आवक मी पाहते. म्हणजे घरीही नणंद आणि ऑफिसातही नणंद, असा तिला दुहेरी त्रास.

तपासणी चालते त्या जाळीच्या पिंजऱ्यात यंत्र जोडायला जातो माझा दादा, म्हणजे तिचा नवरा. बाहेर पॅनेलवर वहिनी. आत जाणाऱ्याने दाराची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ती बाहेर येऊन पॅनेलला लावल्याशिवाय पॅनेल सुरूच होत नाही. वीज बंद केली तरी यंत्रात दबा धरून बसते, म्हणून आधी ती जमिनीत उतरवणारी अर्थिंगची काठी टेकवायची, मगच हात लावायचा. शेवटचा नियम वहिनीचा लाडका. ती विचारणार, "बाहेर आलास?" आणि समोरच्याने तोंडाने "आलो" म्हणायचं. एकदा साहेबांनी बाहेर येऊन नुसता अंगठा वर केला, तर ही हातावर हात ठेवून बसून राहिली.

गेल्या वर्षी तिला दुसऱ्या शहरातल्या नव्या प्रयोगशाळेत प्रमुख म्हणून बोलावणं आलं. जेवताना तिने दादाला विचारलं, "जाऊ का?" दादाने ताटाकडे पाहतच मान हलवली. ती हो होती की नाही, देव जाणे. माझा भाऊ पहिल्यापासून मुखदुर्बळ; लग्नालाही त्याने असाच होकार दिला होता. या वेळी मात्र वहिनी बिथरली आणि घरात अबोला सुरू झाला. भांडी तेवढी दणादण बोलायची. कळवायची मुदत जवळ येत चालली होती. ही रागाच्या भरात निघून जाईल आणि हा मनातल्या मनात कुढत बसेल, या धास्तीने माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

कामावर बोलावंच लागे. "बाहेर आलास?" "आलो." "चढवते." "चढव." दिवसभरात नवराबायकोचं एवढंच बोलणं.

एका दुपारी मी कागद द्यायला वर गेले होते. दादा बाहेर आला, दार लावलं, किल्ली पॅनेलला लावली.

"बाहेर आलास?"

"आलो."

वहिनीने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"आता दुसरं विचारते. मी जाऊ का?"

दादाने सवयीने मान हलवली.

"मानेवर मी वीज चढवत नाही. संसार कसा हलवू?"

तो जाळीकडे वळला. मग म्हणाला, "मला भीती वाटते. मी आत असताना इथे दुसरं कुणीतरी बसणार. तिकडे तू आत जाशील तेव्हा बाहेर मी नसणार." लावलेलं दार त्याने पुन्हा ओढून पाहिलं. "पण जा. तुझंच काम आहे ते. जा."

वहिनीने चष्मा काढून उगाचच पुसला. मग किल्ली लावली.

"चढवते."

"चढव."

ती गेली. आता रोज संध्याकाळी दादा फोन लावतो. "बाहेर आलीस?" "आले." मग तो पान वाढून घेतो.

परवा तिचा फोन लागेना. थोड्या वेळाने मेसेज आला, 'आले'. दादाने तो वाचला आणि वाढलेल्या ताटासमोर तसाच बसून राहिला.

"अरे, आला ना मेसेज? जेव आता," मी म्हटलं.

"तोंडाने म्हणू दे," तो म्हणाला आणि त्याने ताट झाकून ठेवलं.