वायरमनच्या घरचा कंदील

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. फोन रघूचा होता आणि तो घरातूनच बोलत होता.

अक्का माझी मावशी. पारोळ्याजवळच्या तिच्या घरी दिवेलागणीला ओट्यावर कंदील लागायचा. सगळ्यात शेवटी घरी येईल त्याने वात उतरवायची आणि कंदील आत घ्यायचा, हा रिवाज. गावात वीज आली, तिचा रघू धुळ्याला वायरमन झाला, त्याने ओट्यावर स्वतःच्या हाताने बल्ब बसवला, तरी कंदील लागतच राहिला. चौकातले लोक चिडवायचे, वायरमनच्या घरी कंदील! रघूला वाटलं, आईचा आपल्या कामावर भरवसा नाही. एके दिवशी त्याने तो सरळ भंगारवाल्याला देऊन टाकला. अक्काने गल्लीच्या तोंडाशी गाडी अडवली आणि चार माणसांत लेकाचे वाभाडे काढत कंदील परत आणला. रघू त्याच पावली धुळ्याला गेला तो गेलाच... दोघंही नाकावर माशी बसू न देणारी. वर्षं गेली, कंदील मात्र रोज लागत होता.

मी जळगावला कॉलेजात मराठी शिकवते. एकदा अक्काची समजूत काढायला गेले, तर ती राखेने काच घासत बसलेली. विषय कसा काढावा सुचेना, म्हणून मी अक्कल पाजळली. म्हटलं, कंदील हा शब्द मूळचा लॅटिन, पार रोमकडून निघून अरबस्तान फिरत आपल्याकडे आला. तिने काच उजेडात धरून पाहिली.

"इतला लांबथीन शबद उना," ती म्हणाली, "आनि मना रघू धुयाथीन येत नही."

परतताना जळगावची बस सोडून मी धुळ्याची धरली आणि तिचं वाक्य रघूला जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या पुढ्यातला चहा तसाच निवून गेला.

त्याच आठवड्यात तो दिवेलागणीला घरी गेला, वात उतरवली आणि कंदील आत नेला. अक्का चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "हातपाय धुई ले," एवढंच म्हणाली. तेव्हापासून तो गावाहूनच धुळ्याला जाऊन-येऊन करू लागला. थोड्याच दिवसांत ती झोपेतच गेली. कसलाही घोर न ठेवता गेली, याचं मला फार बरं वाटतं.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी मी पोचले, तेव्हा ओट्यावर बल्ब होता आणि त्याच्या शेजारी कंदीलही. रघू दारातच उभा होता.

"ताई, तू शेवटली," तो म्हणाला. "बठ्ठा घर उनात... उतार वात."

सगळे खरंच घरी आले होते. मी वात उतरवली आणि कंदील आत नेऊन अक्काच्या खुंटीला अडकवला.