कव्हरकाकांचा तापट कॉम्प्युटर

गल्लीच्या टोकाला राहणारे कव्हरकाका वाचनालयात होते. ग्रंथपाल नव्हे हां, तो फार मोठा माणूस. काका नव्या पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायचे. अख्खी हयात त्यात गेली. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी घरालाच कव्हर घालायला घेतलं. सोफा प्लॅस्टिकमध्ये, रिमोट प्लॅस्टिकमध्ये, आणि फ्रिजच्या दारावर कारखान्यातून आलेला पातळ पापुद्रा जसाच्या तसा. पाहुणा सोफ्यावर बसला की असा काही करकर आवाज व्हायचा, की बिचारा कूस बदलायलाही लाजायचा.

काकू होत्या तोवर म्हणायच्या, "यांनी मलाही कव्हर घातलं असतं, पण मग माझी बोलणी कमी ऐकू आली असती ना, करमलं नसतं त्यांना!" काकू गेल्या. सोफ्याचं कापड त्यांच्या हाताला कधी लागलंच नाही. हे मात्र काका कुणापाशी काढत नाहीत.

घरात मुलगा आणि सून. मुलगा कामानिमित्त सदा फिरतीवर. सून इमारतींची ॲनिमेशन करते. म्हणजे घराचा पाया खणायच्या आधीच गिऱ्हाइकाला घरातून फिरवून आणते. तिचं ऑफिस दुसऱ्या शहरात. साहेबांनी कळवलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत घरून एक नमुना करून पाठव. जमलं तर कायम घरूनच काम कर, नाही जमलं तर इकडे ये. इकडे ये म्हणजे दोघांनी बिऱ्हाड हलवायचं, आणि काका मागे एकटे.

"जा की खुशाल," काका म्हणाले. "माझं मी बघेन."

म्हणाले खरे, पण त्या दिवशी चहात साखर घालायची विसरले आणि तो तसाच पिऊनही टाकला.

सुनेचा जुना लॅपटॉप या कामापुढे टेकीला आला होता. काकांनी जाहीर केलं, "तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही. सुटे भाग आणा, मी जोडतो." मग काय, रोज व्हिडिओ बघणं, चष्मा पुसणं, पुन्हा बघणं.

समोरची शिंपीणबाई खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, पुस्तकाला कव्हर घालण्याइतकं सोपं नाही हं ते!"

"वहिनी, तुमच्या मशीनपेक्षा आवाज तरी कमी करेल!"

आणि नवल म्हणजे पहिल्याच बटणाला कॉम्प्युटर सुरू झाला. काका दिवसभर गल्लीत अशा थाटात हिंडले, जणू विमान बांधलंय.

शुक्रवारी सकाळी सुनेने नमुन्याचं काम चढवलं. चहा उकळायच्या आत पडदा काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिने तापमानाचा आकडा पडद्यावर आणून ठेवला, तर तो बघता बघता शंभराला टेकला आणि कॉम्प्युटरने मान टाकली.

"प्रोसेसर तापतोय, बाबा."

काकांनी पेटीचं झाकण काढलं. टेबलफॅन आणून समोर लावला. वायरी बाजूला बांधल्या. प्रोसेसरवर बसवलेला कूलर, म्हणजे पंखा आणि पत्र्यांचा ठोकळा, सोडवून मधली उष्णता वर नेणारी पेस्ट पुसली, नवी लावली, स्क्रू पिळून घट्ट केले. आकडा होता तसाच. शेजारपाजारचे सल्ले फुकट होतेच: कुणी म्हणे खिडकी उघडा, कुणी म्हणे वीज जास्त येतेय, शिंपीणबाई म्हणे, "तापट माणसाच्या घरातलं यंत्र, दुसरं काय होणार!"

शनिवारी दुपारपर्यंत काकांचा चेहरा उतरला. "दुकानातलाच घ्यायला हवा होता," ते पुटपुटले. "माझ्या हट्टापायी तुझं काम गेलं, पोरी."

सून पेटीपाशी बसली. तिने पंख्याखालच्या पत्र्यांना हळूच बोट लावलं. मग अख्खा पंजा टेकवला.

"बाबा, हे तर गार आहे."

"मग चांगलं की!"

"चांगलं कुठलं? खाली जाळ आणि वर कढई गार, तर भाजी शिजेल का? उष्णता वर पोचतच नाहीये. काढा बघू हे."

काकांनी कूलर काढला. तिने पेस्ट पुसली, ठोकळ्याचा तळ उजेडात धरला आणि नखाने कडेला खरवडलं. एक पारदर्शक टोक उचललं गेलं.

"हे काय?"

"प्लॅस्टिक."

"ते दिसतंय! तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! तांबं बघ, कसं आरशासारखं आहे. ओरखडा गेला असता ना."

"यावर लिहिलंय, बसवण्यापूर्वी काढा."

"ते धसमुसळ्या लोकांसाठी असतं गं."

दीड दिवस वाया गेला होता, नोकरी टांगणीला लागली होती; सुनेने चार शब्द सुनावले असते तर कुणी तिला बोल लावला नसता. ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने ठोकळा काकांपुढे धरला.

"काढा. तुम्हीच."

काकांनी उभ्या आयुष्यात असलं काही काढलेलं नव्हतं, घातलेलंच. त्यांनी कडेला नख घातलं. पापुद्रा चर्रकन सुटला.

नवी पेस्ट लावून कूलर परत बसवला. आकडा सत्तरच्या अलीकडे जो थांबला तो थांबलाच. काम सरकत राहिलं, काका पडद्यासमोर खुर्ची टाकून दुधाच्या पातेल्यावर पहारा द्यावा तसे बसले. दिवेलागणीला नमुना गेला. सोमवारी साहेबांचा फोन आला: घरूनच कर.

काका "बरं झालं" इतकंच म्हणाले. आभार मानणं त्यांच्या तोंडात बसत नाही. ते कात्री घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि सोफ्याचं प्लॅस्टिक कापू लागले. आवाज ऐकून शिंपीणबाई धावत आली. इतकी वर्षं ज्याला सगळे मातकट समजत होते, तो सोफा हिरवा निघाला, कोवळ्या पानासारखा.

"अगं बाई! बसू का?"

"थांबा वहिनी," काका म्हणाले. "आधी तिला बसू दे."

सून बसली. करकर झाली नाही. काका शेजारी टेकले, कापडावरून तळवा फिरवत राहिले, आणि म्हणाले, "हिला आवडला असता गं, तुझ्या सासूला."

"आवडलाच असता," सून म्हणाली आणि हातातला चहा त्यांच्या हातात दिला. देताना थोडा सांडला, नेमका सोफ्यावर. शिंपीणबाई फडकं शोधू लागली.

"राहू दे," काका म्हणाले. "साखर आहे ना यात?"