माशांच्या टाकीला दादाची मोटार

मी हायस्कूलात गणित शिकवायचो. त्यामुळे माझा गोंधळ उडतो यावर कुणाचा विश्वास बसत नसे. बायकोचा मात्र बसायचा. ह्यांना फळ्यावर सगळं येतं आणि दुकानात काहीच येत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मला ते खोडून काढता यायचं नाही.

हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या बैठकीत दोन फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात पाच गोल्डफिश. टाकी आम्ही विकत घेतलेली नव्हती. शेजाऱ्यांची बदली झाली, ट्रकमध्ये फुटेल म्हणून त्यांनी ती माशांसकट आमच्याकडे ठेवली आणि पुढे कधी मागितली नाही. मासे आले तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते. दोन वर्षांत चांगले लिंबाएवढे झाले. त्यातला एक पांढरा होता, डोक्यावर लाल टोपी घातल्यासारखा. तो बायकोच्या बोटाला तोंड लावून दाणे खायचा. सकाळी बघावं तर पाचही जण वर येऊन तोंडाची उघडझाप करत असायचे. मला वाटायचं, भुकेले आहेत. बायको म्हणाली, भुकेले नाहीत, त्यांचा जीव घुसमटतोय, एका खोलीत पाच बिऱ्हाडं झालीत. तेव्हा चार फुटी टाकी घ्यायचं ठरलं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी. एवढं गणित मी चहा गार व्हायच्या आत केलं. त्यापुढचं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काच किती जाडीची? काचवाला म्हणाला आठ एमएम भरपूर झाली. दुसरा म्हणाला, आठ घेतली तर बैठकीत पोहायची तयारी ठेवा. स्टँडचं विचारायला ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गेलो, तर त्यानं वजन ऐकलं आणि सोयाबीनची पोती पेलेल असा सांगाडा रंगवून दिला. तो आजही माझ्याकडे आहे, त्यावर गहू-ज्वारीच्या कोठ्या ठेवतो.

पण खरा घोळ फिल्टरचा होता. पाणी गाळायचं यंत्र एवढंच मला ठाऊक. नांदेडला गेलो तर एका दुकानदारानं वाळूखाली घालायची प्लेट दाखवली, दुसऱ्यानं टाकीवर बसवायची पेटी दाखवली आणि प्लेट घेतली तर वर्षाला सगळी वाळू उपसावी लागते म्हणाला. तिसरा दोघांना हसला आणि त्यानं टाकीखाली ठेवायचा डबा पुढे केला. डब्यावरचं अर्धं चिनी, अर्धं इंग्रजी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि रिकाम्या हातानं परत आलो. दर रविवारी ती वही काढायची, दोन रकाने आखायचे आणि आधीपेक्षा जास्त गोंधळून वही मिटायची, असा महिना गेला. काच आली, स्टँड आला, फिल्टरचं नाव नाही. मासे आपले सकाळी वर येऊन वाट बघायचे.

त्यातच दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सेनगावच्या पुढे आमचं गाव आहे, तिथं तो शेती करायचा. तूर घालायला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आला की रात्री आमच्याकडे मुक्काम करायचा. शेतीपेक्षाही त्याचं नाव होतं ते मोटारींसाठी. कुणाच्या विहिरीवरची मोटार पाणी उचलत नसली, बोअर घेतल्यावर कितीची मोटार टाकायची हे ठरत नसलं, तर चार गावचे लोक दादाला विचारायचे. कान लावून तो मोटारीचं दुखणं सांगायचा. मी मात्र त्याला कधी काही विचारलं नव्हतं. प्लॉट घेतला, फ्रिज घेतला, हे त्याला नंतर कळलं. फ्रिज बघून तो म्हणाला होता, "तुमी शिकलेले लोक, तुमचं बराबरच असंल." एरवी तो मला अरे-तुरे करायचा. त्या 'तुमी'चं मला पुष्कळ दिवस वाईट वाटत राहिलं.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसलो होतो. काय करून राहिला, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगून टाकलं, खरं तर वैतागून सांगितलं. त्यानं वही ओढून घेतली. त्यात मी एका खोक्यावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं: तासाला इतके लिटर, इतक्या मीटरपर्यंत. दादाचा चेहराच बदलला. तासाला लिटर म्हणजे डिस्चार्ज, मीटर म्हणजे हेड, पाणी किती उंच चढतं ते, ही तर मोटारच आहे की, असं तो म्हणाला आणि मांडी ठोकून बसला. महिनाभरात मला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याला ते आकडे बघून आनंद झाला होता. मी म्हणालो, मग तूच चल नांदेडला. तो लगेच हो म्हणाला, जणू वाटच बघत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं निघालो. वारंगा फाट्यावर उतरून खिचडी-भजी खाल्ली, तेव्हा त्यानं मला आपला नियम समजावून सांगितला. आपल्याकडं व्होल्टेज कधी बराबर मिळत नाही, म्हणून मोटार नेहमी एक नंबर वरची घ्यायची. शिवाय वीज असते दिवसातून अर्धा वेळ. म्हणजे जेवढा वेळ असेल तेवढ्यात पूर्ण दिवसाचं काम उरकलं पाहिजे, म्हणून आणखी एक नंबर वरची. मला यात कुठंही चूक दिसेना. उलट गणित शिकवून मला हे कसं सुचलं नाही, याचीच लाज वाटली. आजही तो हिशेब मांडला तर बरोबरच येतो, एवढंच की त्यात मासे कुठं येत नाहीत.

दुकानात दादानं खोकी उलटीपालटी केली, पंखा फिरवून बघितला, दोन मोटारी नापास केल्या. शेवटी एक काळी, वजनदार उचलली. तासाला अठ्ठावीसशे लिटर. म्हणजे आमच्या टाकीतलं सगळं पाणी तासाला अकरा वेळा फिरवणारी. दुकानदार म्हातारा होता. पैसे देताना तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "गोल्डफिश के वास्ते ये जरा जास्ती होता साब." मी ऐकलं. दादा तेव्हा मोटार पिशवीत ठेवत होता, एखाद्या लेकराला टॉवेलात गुंडाळावं तशी. मी दुकानदाराला मान हलवून दाखवली आणि बाहेर पडलो. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मला आता आठवत नाही.

दादानं स्वतः पाइप कापून, गाळणीची पेटी जोडून मोटार बसवली. बटण दाबल्यावर पाण्याची धार समोरच्या काचेवर आपटली, कोपऱ्यातली वाळू उडून तळाला खड्डा पडला. दादा खूश होऊन म्हणाला, पाणी बघ कसं मारतंय. पाचही मासे काचेच्या कडेला ढकलले गेले आणि शेपट्या मारमारून तिथेच राहिले. ते नवीन जागेला बिचकले असतील, असं मी म्हणालो. बायको माझ्याकडे बघत होती, ते मी टाळलं. दादा जेवला आणि संध्याकाळच्या जीपनं गावी गेला.

मग आमचे दिवस फिरले. मोटार चालू ठेवली की मासे धापा टाकायचे, बंद ठेवली की दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ व्हायचं. जुनी छोटी टाकी पंपासकट आम्ही उत्साहाच्या भरात एका शिक्षक मित्राला देऊन बसलो होतो. तासभर चालू, तासभर बंद असं करून पाहिलं. पाइपाच्या तोंडाला फडकं बांधलं, ते निघून पाण्यात गरगरायला लागलं. तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज गेली की सगळी गल्ली शिव्या घालायची आणि आमच्या घरात बायको म्हणायची, चला, आता लेकरं जरा निजतील.

दादा गावातल्या फोनवरून विचारायचा, मोटार कशी चाललीय. मी म्हणायचो, एकदम बराबर. तो मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगायचा की मास्तरच्या बंगल्यात आपली मोटार चालून राहिली. बंगला कसला, तीन खोल्यांचं घर. पण त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघायचं नाही.

आठव्या दिवशी पांढरा मासा गेला. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. बायकोनं त्याला जास्वंदीखाली पुरलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ती रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई. संध्याकाळी तिनं एवढंच सांगितलं, "जीव न मारण्याचं पहिलंच शील आपण रोज बटण दाबून मोडतोय. दादांना सांगा, नाही तर मी सांगते." दादाला सांगायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली. आता वाटतं, अशा गोष्टीसाठी कुणी शपथ घालतं का? पण घातली. चार दिवसांनी दुसरा गेला.

का सांगितलं नाही, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आलो आहे. दादाला राग येण्याचा काही प्रश्न नव्हता, तो रागीट नाहीच. मला वाटत होतं की आयुष्यात एकदाच त्याला विचारलं आणि तेही चुकलं, असं त्याला कळू नये. हे माझ्या मनाशी मी प्रेम म्हणून धरून होतो. पण मग त्यात एवढी भीती कसली होती, ते कळत नाही. काही केल्या उत्तर जमत नाही. मुलांना मी सांगायचो की उत्तर येत नसेल तर मांडणी तपासा. इथं मांडणीच सापडत नाही.

शेवटी स्पंजची गाळणी लावलेला एक छोटा हवेचा पंप नांदेडहून मागवून घेतला. मोटार टाकीतच राहिली, पण बंद. छोटा पंप बुडबुडे सोडायचा आणि उरलेले तीन मासे हळूहळू मोकळे फिरायला लागले. आता सगळं निभावलं असं वाटत असतानाच एका सकाळी फाटकाशी दादाचा आवाज आला. न कळवता आला होता, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मी धावत बैठकीत गेलो, छोट्या पंपाची नळी पडद्यामागे सरकवली आणि मोटारीचं बटण दाबलं.

दादा आत आला तो थेट टाकीसमोर. धार काचेवर आदळत होती. तिन्ही मासे उलटेसुलटे होत दगडामागे गेले. तो वाकून पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, पाच होते ना? मी म्हणालो, तीन राहिले. त्यानं पडद्यामागच्या घरघरीला कान दिला, पडदा बाजूला केला, नळी बघितली, छोटा पंप बघितला आणि हात लांब करून मोटारीचं बटण स्वतः बंद केलं.

"विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाला जाळी काहून बांधतो आमी?" तो म्हणाला. "मासोळी ओढली जाऊ नये म्हणून. मला एवढं कळत न्हाई व्हय? एक शब्द बोलला असता तर दुसऱ्या दिवशी येऊन काढली असती."

तुला वाईट वाटलं असतं, एवढंच मी कसंबसं म्हणालो.

त्यानं पिशवी खाली ठेवली. "गावात कोणाला मोटार चुकीची सांगितली, तर तो सकाळीच दारात येऊन शिव्या देतो. मंग मी जातो, दुरुस्त करतो, त्याच्याच घरी जेवतो. समदे देतेत शिव्या. तू काहून न्हाई दिल्या? मी पाव्हणा हाय का तुझा?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टाकीतला गाळ बसत होता आणि मासे एकेक करून दगडामागून बाहेर येत होते. दादा सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून खाली बसला. मी विचारलं, चहा घेणार का?

दादानं माझ्याकडे बघितलं आणि मग बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "बघ. घरच्या माणसाला हे बी विचारून राहिला."